बदरुद्दीनभाईंचा टॉवर पडत नाही

बदरुद्दीनभाईंच्या हातची वस्तू मोडत नाही, हे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना बदरुद्दीनभाई स्वतः सांगत. धंदा त्यांचा मॉडेलं बनवायचा. टॉवरचा पाया खणायच्याही आधी बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत त्या टॉवरचं पिल्लू उभं असतं. आत दिवे, खाली निळा तलाव, तलावाकाठी बोटाच्या पेराएवढी माणसं. ही असली पिल्लं बदरुद्दीनभाईंच्या वर्कशॉपात जन्माला येत. बत्तीस वर्षांत त्यांनी साडेचारशे टॉवर उभे केले. त्यातले निम्मे खरोखरचे कधी उभेच राहिले नाहीत. कुठे मंदी आली, कुठे बिल्डर पसार झाला. मॉडेलं मात्र शाबूत.

एकदा अल ऐनच्या रस्त्यावर त्यांची पिकअप उलटली. ड्रायव्हरचा हात मोडला, गाडीच्या काचांचा भुगा झाला, आणि मागचा सदतीस मजली टॉवर रस्त्याकडेला आडवा पडून आकाशाकडे बघत होता. त्याची एक बाल्कनी हलली नव्हती. ही हकिकत ते भेटेल त्याला सांगत, फक्त ड्रायव्हरच्या हाताचा भाग गाळून.

पण आता साठी उलटली होती आणि दिवस फिरले होते. बिल्डर लोक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून त्याला न बांधलेल्या घरात फिरवून आणू लागले. मॉडेल कोणाला हवंय? मे महिन्यात लायसन्स संपलं की वर्कशॉपचं शटर ओढायचं आणि दाभोळच्या खाडीकाठी आपल्या गावी जायचं, असं ठरलं होतं. म्हणजे बायकोने, शहरबानूने ठरवलं होतं. बदरुद्दीनभाई नुसते "बघू" म्हणत. गेले वर्षभर ते "बघू" म्हणत होते.

अशात जानेवारीत अंकुर आला. हा अल नहदाच्या त्यांच्याच बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर लहानाचा मोठा झालेला पोरगा. आता फिल्मवाल्यांच्या कुठल्याशा ऑफिसात होता आणि दिवसभर दोन फोनवर बोलत असे.

"चाचा, एक प्रोजेक्ट आहे. अर्जंट. एकच टॉवर, अडीच मीटर हाईट, चाळीस फ्लोअर. फक्त एक कंडिशन आहे. तो तुटला पाहिजे."

"तुटणार नाही," बदरुद्दीनभाई सवयीने म्हणाले.

"नाही चाचा, तुटलाच पाहिजे. जपानी पिक्चर आहे. मॉन्स्टर समुद्रातून येतो आणि टॉवर पाडतो."

बदरुद्दीनभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला. समोर तोच अंकुर होता. शुद्धीत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी तो जपानी प्रोड्यूसरला घेऊन आला. कुरामोची त्यांचं नाव, पुढे आदराचं 'सान'. वय एकोणऐंशी, उंची जेमतेम, अंगात मासेमारी करणारे घालतात तसलं खिशाखिशांचं जाकीट. कोणाशी काही बोलायच्या आधी ते शेल्फावरच्या एका जुन्या मॉडेलपाशी गेले, नखाने त्यावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकांनी मॉडेलचे फोटो काढले होते, भाव पाडले होते, एकाने त्यावर कॉफीही सांडली होती. पण टिचकी मारून ऐकणारा हा पहिलाच. बदरुद्दीनभाईंनी तिथल्या तिथे त्यांना घरी जेवायला बोलावलं.

शहरबानूने सुरमईचं कालवण केलं होतं आणि तांदळाची भाकरी. "पस्तीस दिरहॅम किलो," ती वाढताना अंकुरला म्हणाली. "म्हणजे आठशेच्या वर रुपये. सांग त्यांना, संपवायची." धाकटी मुलगी इन्शा, वय वर्षं सतरा, हातात फोन घेऊन पाहुण्यांसमोर बसली होती. तिने रात्रीतून पाहुण्यांचे अर्धे सिनेमे बघून काढले होते.

"अब्बा, ही इज अ लेजंड," ती म्हणाली. "ऑनलाइन लोक त्यांना वर्शिप करतात."

कुरामोचीसाननी खिशातून एक फोटो काढला. त्यांचा मॉन्स्टर, मुत्सुरा. डोक्यावर उभे राहिलेले गोल डोळे, फुगलेले गाल, पाठीवर पंखा, पुढे दोन आखूड हात. बदरुद्दीनभाईंनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"बानू, हा तर निवटा."

शहरबानूने वाकून पाहिलं. "निवटाच. आपल्या खाडीतला."

खाडीच्या चिखलात हा मासा असतो. पाणी ओसरलं की बाहेर येतो, दोन परांवर टेकत उड्या मारतो आणि डोळे वटारून जगाकडे बघतो. बदरुद्दीनभाईंचं सगळं लहानपण त्यांच्यामागे चिखलात धावण्यात गेलं होतं. त्यांना राहवलं नाही. "वुई ईट धिस," ते पाहुण्यांना म्हणाले. "विथ कोकम."

"चाचा, प्लीज," अंकुर म्हणाला. "त्यांचा हिरो आहे तो."

पण कुरामोचीसानचे डोळे चमकले. त्यांच्या आईच्या गावीही असाच चिखलाचा किनारा होता, आणि आई तो मासा कोळशावर भाजत असे. त्यांचं इंग्रजी लंगडं, बदरुद्दीनभाईंचंही लंगडं. पण दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालावेत तसं संभाषण त्यानंतर कुठेही अडलं नाही.

विसाव्या वर्षी कुरामोचीसान स्टुडिओत लागले ते राक्षसाच्या शेपटीवर. वर माळ्यावर बसायचं आणि तारा ओढून शेपटी हलवायची. तीन सिनेमे त्यांनी नुसती शेपटी हलवली. मग एकदा ऐन शूटिंगच्या दिवशी प्रोड्यूसर काविळीने आडवा झाला. मालकाने विचारलं, या जनावराची खडान्खडा माहिती कोणाला आहे? सगळ्यांनी माळ्यावर बोट दाखवलं. असे ते प्रोड्यूसर झाले, आणि झाल्याबरोबर त्यांनी आईच्या गावचा चिखलातला मासा पन्नास मीटर उंच केला.

पुढे मुत्सुराचे सतरा सिनेमे झाले. ओसाका त्यांनी चार वेळा पाडलं, नागोया दोनदा, टोकियोची मोजदाद सोडून दिली. एका लहानशा गावाच्या मेयरने तक्रार लिहून पाठवली, की आमच्यात असं काय कमी आहे, आमचं गाव का पाडत नाही? माणसाचं मन मोडू नये म्हणून पुढच्या सिनेमात मुत्सुरा वाट वाकडी करून तिथे गेला आणि एक पोस्ट ऑफिस तुडवून परत आला. मेयरने जाहीर सत्कार केला.

"मग?" बदरुद्दीनभाईंनी विचारलं.

मग स्टुडिओच्या जागी सुपरमार्केट झालं आणि कॉम्प्युटर आले. एका हुशार पोराने कुरामोचीसानना खुर्चीत बसून अख्खं शहर पाडून दाखवलं. त्यांनी विचारलं, हे बांधलं कोणी होतं? पोरगा म्हणाला, कोणीच नाही. "मग तू पाडलंस काय?" कुरामोचीसान म्हणाले आणि उठून आले. त्यानंतर अकरा वर्षं त्यांना कोणी सिनेमा दिला नाही.

आता इथली एक कंपनी अठरावा सिनेमा काढायला तयार झाली होती, हजार अटी घालून. मुत्सुराने मॉल तुडवायचा नाही. खऱ्या टॉवरसारखा दिसणारा टॉवर पाडायचा नाही. शहराला नाव नाही. पाडायची एकच इमारत, तीही शेवटी. आणि सगळ्यात मोठी अट अंकुरने खालच्या आवाजात मराठीत सांगितली. "परमिट एकाच दिवसाचं आहे, चाचा, दुपारी दोनपर्यंत. त्या दिवशी शॉट नाही मिळाला तर बॉस म्हणतात, टॉवर कॉम्प्युटरवर पाडू. पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंग संपल्यावर. कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे तसं."

"यांनी सही केली त्यावर?"

"केली. म्हणाले, मिळेल शॉट. लास्ट पिक्चर आहे हा त्यांचा."

जाता जाता कुरामोचीसाननी आपली एक रीत सांगितली. त्यांच्या सेटवर इमारत पाडायचा हुकूम डायरेक्टर देत नाही, प्रोड्यूसरही नाही. ज्याने बांधली तो कॅमेऱ्याशेजारी उभा राहतो आणि आपल्या भाषेत म्हणतो, पाड. बांधणाऱ्याने सोडल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. हे ऐकून बदरुद्दीनभाईंना इतकं भरून आलं की त्यांनी पाहुण्यांच्या जाकिटाच्या मोठ्या खिशात उरलेल्या भाकऱ्या बांधून दिल्या.

कामाचा कागद जपानहून आला होता आणि तो स्वच्छ होता. भिंती पातळ प्लास्टरच्या. मागच्या बाजूने प्रत्येक मजल्याला अर्धा काप. आत पुठ्ठा; दुसरं काहीही नाही. बदरुद्दीनभाईंनी आणि वीस वर्षं त्यांच्या हाताखाली असलेल्या श्रीवर्धनच्या हमीदने कागदाप्रमाणे काम केलं. खोटं कशाला बोला, अगदी तंतोतंत केलं. तीन आठवड्यांनी टॉवर उभा राहिला. पांढरा, देखणा, चाळीस मजल्यांच्या एकशेवीस बाल्कन्या, तलावाकाठी माणसं. आणि हमीदने वर्कशॉपचं शटर वर केलं तेव्हा तो थरथरला.

बदरुद्दीनभाईंनी धावत जाऊन टॉवर धरला. त्यांचा टॉवर कधी थरथरला नव्हता.

त्यांनी आत एक ॲक्रिलिकचा दांडा घातला. ओला आहे तोवर असू दे. दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमचा एक अँगल घातला. शूटिंग अल ऐनला, तिथपर्यंत रस्ता आहे, स्पीडब्रेकर आहेत. एकट्या अँगलला आधार नको? दुसरा घातला. स्क्रू खुळखुळत होता म्हणून चमचाभर एपॉक्सीचा गोंद ओतला. चमच्याची वाटी झाली.

"भाई, इसको गिरना है ना?" हमीदने विचारलं.

"गिरना है. लेकिन रास्ते में नहीं," बदरुद्दीनभाई म्हणाले. सेटवर पोचलं की सगळं काढून टाकू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि अगदी मनापासून सांगितलं. दारू सोडणारा माणूससुद्धा मनापासूनच सांगतो.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी अल ऐनच्या बाहेर मोकळ्या मैदानात लाकडी फळ्यांवर टॉवर उभा केला तेव्हा ऊन कोवळं होतं आणि मागे जेबेल हाफीतचा डोंगर निळा दिसत होता. जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यातून बघितलं की डोंगर खरा, आकाश खरं, आणि बदरुद्दीनभाईंचा टॉवरही खरा. आठ जपानी माणसं रांगेत उभी राहिली आणि टॉवरला कमरेतून वाकली. त्याची माफी मागायची पद्धत होती ती. एवढ्या मानाच्या टॉवरची पाठ उघडून त्यात धातू कापायचा ग्राइंडर घालायचा? बदरुद्दीनभाईंचा हात होईना. शिवाय राक्षसाचा सूट पंचेचाळीस किलो, आतला माणूस साठ. शंभर किलोंचा दणका बसल्यावर काय राहतंय? त्यांनी फक्त चिमट्याने तलावाकाठची सगळी बोटभर माणसं उचलून डबीत ठेवली. कुरामोचीसाननी ते पाहिलं आणि मान हलवली.

सूटमध्ये शिरणारा ओगावा छप्पन्न वर्षांचा, बुटका, हसरा गृहस्थ होता. सव्वीस वर्षं तोच मुत्सुरा होता. त्याचे गुडघे कामातून गेले होते आणि हा त्याचाही शेवटचा दिवस होता. त्याने सूट चढवला, पाठीची चेन लागली, आणि मैदानात निवटा उभा राहिला. शहरबानू आणि इन्शा बघायला आल्या होत्या. शहरबानू पुटपुटली, "एवढ्याचं कालवण अख्ख्या मोहल्ल्याला पुरेल."

बदरुद्दीनभाई कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी घसा साफ केला, टॉवरकडे पाहिलं, परत घसा साफ केला.

"चाचा, कॅमेरा रोलिंग आहे," अंकुर कुजबुजला.

"पाड," बदरुद्दीनभाई म्हणाले. कसंबसं.

मुत्सुरा दणदण चालत गेला, दोन्ही हात उचलले आणि टॉवरवर कोसळला. धप्प असा आवाज झाला. टॉवर जागच्या जागी होता. मुत्सुरा मागे फेकला गेला, क्षणभर डुलला आणि तलावात बसला. वाऱ्यावर थोडीशी पांढरी धूळ उडाली, ती टॉवरची नव्हती, मैदानाची होती. एक बाल्कनी हलली नव्हती.

सगळं मैदान टॉवरकडे बघत होतं. आणि त्या क्षणी बदरुद्दीनभाईंच्या हातून ते पाप घडलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. बत्तीस वर्षांच्या सवयीचं, आतून आलेलं, अभिमानाचं हसू. ते त्यांनी लगेच गिळलं, पण कुरामोचीसाननी नेमकं तेवढंच पाहिलं.

म्हातारा सावकाश टॉवरपाशी गेला. टिचकी मारली. कान लावला. मग बदरुद्दीनभाईंकडे वळून त्यांनी विचारलं, आत काय आहे?

"लिटल सपोर्ट," बदरुद्दीनभाई म्हणाले.

किती लिटल, ते हमीदने पाठीचं झाकण उघडल्यावर सगळ्यांना दिसलं. कुरामोचीसाननी बोटाने मोजले. एकोणीस अँगल. "पन्नास वर्षांत मुत्सुरा कुठल्या इमारतीकडून हरला नव्हता," ते म्हणाले, आणि बदरुद्दीनभाईंपुढे वाकले. मागोमाग उरलेली सातही माणसं वाकली. आठवा तलावात बसून गुडघा चोळत होता. बदरुद्दीनभाईंना वाटलं, यापेक्षा कोणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अंकुर फोन कानाला लावून आला. तोंड उतरलं होतं. "बॉस म्हणतात, इट्स ओके, पॅक अप करा. उरलेलं पोस्टमध्ये करू. खलास."

कुरामोचीसाननी जाकिटाच्या एका खिशात हात घातला, काढला. दुसऱ्यात घातला, काढला. काहीतरी शोधत असल्यासारखे ते एकेक खिसा बघत राहिले. शोधत काहीच नव्हते. बदरुद्दीनभाईंना ते बघवेना. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. या माणसाची आयुष्यभराची एकच हट्टाची गोष्ट होती, की बांधलेलं खरं असावं आणि पाडलेलंही खरं असावं. ती त्यांनी वाटीभर एपॉक्सीत बुडवली होती.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेअकरा."

"बॉसला सांग, दोन वाजायचे आहेत अजून. हमीद, ग्राइंडर ला."

दीड तास ते टॉवरच्या पाठीत डोकं घालून होते. एकेक अँगल कापून बाहेर काढत होते आणि प्रत्येक अँगलला कुरकुरत होते. कुठला कोणी बसवला, हे विचारायची सोय नव्हती. एपॉक्सी छिन्नीने उचकटलं. भिंतींचे काप परत मोकळे केले. शहरबानू पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी होती.

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "तुम्हाला काही मोडताना आज पहिल्यांदा बघते."

"मोडत नाही. मोकळं करतोय."

शेवटचा दांडा निघाला तेव्हा वाऱ्याची झुळूक आली आणि टॉवर नखशिखांत थरथरला. बदरुद्दीनभाईंनी या वेळी नजर वळवली नाही.

पण आता ओगावा उभा राहू शकत नव्हता. त्याचा उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. सूट त्याच्या मापाचा, पाच फूट तीन इंचांचा. अंकुर त्यात मावेना, हमीदचं पोट मावेना, बाकीचे जपानी सगळे ताडमाड. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अब्बा," इन्शा म्हणाली, "यू आर द सेम हाईट."

सगळ्यांनी बदरुद्दीनभाईंकडे पाहिलं. बदरुद्दीनभाईंनी मागे वळून पाहिलं, तर मागे कोणी नव्हतं.

"बीपीची गोळी घेतलीत ना सकाळी?" शहरबानूने एवढंच विचारलं.

सूटच्या आत अंधार होता आणि रबराचा, घामाचा, जुन्या ताडपत्रीचा वास होता. बघायला गळ्यापाशी चार भोकं. बाहेरून ओगावा खुर्चीत बसून ओरडून शिकवत होता आणि अंकुर मराठी करत होता. "चाचा, पाय जोरात आपटा. हेवी वाटलं पाहिजे." बदरुद्दीनभाईंनी पाय आपटून पाहिला. पंचेचाळीस किलो एकदम डावीकडे गेले आणि त्यांना चौघांनी सावरलं. असं तीनदा झालं.

चौथ्यांदा ते उभे राहिले आणि स्वतःवरच चिडले. अरे, हा निवटा आहे. निवटा पाय आपटतो कुठे? पन्नास वर्षांत विसरलास? त्यांनी गुडघे वाकवले, पोट जवळजवळ जमिनीला लावलं, दोन्ही हातांवर भार टाकला आणि अंग पुढे ओढलं. थांबले. मान वळवून डोळे वटारल्यासारखं इकडे तिकडे पाहिलं. परत एक झेप. परत थांबले. दाभोळच्या चिखलात निवटा असाच जातो, घाई नसल्यासारखा, आणि पकडायला जावं तर हातात येत नाही.

खुर्चीतला ओगावा ओरडायचा थांबला. कुरामोचीसान उभे राहिले. सतरा सिनेमे त्यांचा मुत्सुरा दणदण पावलं टाकत चालला होता, कारण स्टुडिओतल्या कोणीच कधी तो किनारा पाहिला नव्हता. आज तो पहिल्यांदा आईच्या गावच्या माशासारखा चालत होता.

"पण चाचा," अंकुरला आठवलं, "पाड कोण म्हणणार? बांधणारा तर आत आहे."

कुरामोचीसाननी ते समजून घेतलं आणि छातीवर हात ठेवला. टॉवर बदरुद्दीनसानने बांधला, मुत्सुरा मी बांधला, ते म्हणाले. आज बदरुद्दीनसान टॉवर सोडतील, मी मुत्सुराला सोडतो. मी म्हणेन.

दोनला दहा कमी होती. कॅमेरा सुरू झाला. निवटा झेपा टाकत टॉवरपाशी गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि हात वर करून थांबला.

आत बदरुद्दीनभाई वाट बघत होते. घाम डोळ्यांत जात होता. हुकूम आला नाही. त्यांनी मनात दहापर्यंत मोजलं, मग वीस. गळ्याच्या भोकातून त्यांना एवढंच दिसत होतं: खिशांचं जाकीट, आणि त्याच्या वर म्हाताऱ्याचं तोंड. ते तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. परत उघडत होतं. त्यातून काही बाहेर पडत नव्हतं.

बदरुद्दीनभाईंना कळलं. हा शब्द म्हटला की एकोणसाठ वर्षं संपली. शेपटी ओढणारा पोरगा, ओसाका, नागोया, तो पोस्ट ऑफिसवाला मेयर, सगळं संपलं. हा माणूस काही म्हणणार नाही, त्याच्याने होणार नाही. मला कुठे होतंय? वर्षभर मी "बघू" म्हणतोय.

मग निवटा आपणहून पुढे झाला.

एकतिसाव्या मजल्यावर त्यांचा पहिला हात पडला, कारण तिथला काप सगळ्यात खोल होता. तो त्यांनी स्वतः केला होता. भाजलेला पापड मोडावा तशी भिंत गेली. मग तिसावा, एकोणतिसावा. बाल्कन्या पावसासारख्या अंगावर पडल्या. टॉवर एकदा कमरेत वाकला आणि मग सगळाच्या सगळा, कागदावर लिहिल्याप्रमाणे, गुडघ्यांवर बसावा तसा खाली बसला. पांढऱ्या धुळीच्या लोटात, मागच्या खऱ्या डोंगरापुढे, निवटा मान वळवून उभा राहिला. बदरुद्दीनभाई आत हमसून रडत होते. मुत्सुराच्या चेहऱ्यावर त्यातलं काही दिसायची सोय नव्हती, तो जगाकडे डोळे वटारून बघत होता.

टाळ्या कोणी सुरू केल्या ते कळलं नाही. पाठीची चेन उघडून चौघांनी बदरुद्दीनभाईंना बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. शहरबानूने त्यांच्या डोक्यावर बाटली रिकामी केली. कुरामोचीसान धुळीतून चालत आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. डोळे लाल होते.

"मी म्हणालो," ते म्हणाले. "रबर फार जाड आहे. यू हर्ड?"

अंकुरने तोंड उघडलं. बदरुद्दीनभाईंनी त्याच्या पायावर पाय ठेवला.

"हर्ड," ते म्हणाले. "व्हेरी क्लिअर."

कुरामोचीसान कमरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. बदरुद्दीनभाईही वाकले. त्यांची पाठ तिथेच धरली आणि त्यांना सरळ करायला हमीद आणि अंकुर दोघं लागले.

परत येताना हमीद गाडी चालवत होता. शहरबानूला मागे डुलकी लागली होती. बदरुद्दीनभाईंच्या मांडीवर बोटभर माणसांची डबी होती. ती ते उघडत होते आणि मिटत होते.

"अब्बा," इन्शा म्हणाली, "ही डिडन्ट से एनीथिंग. आय वॉज स्टँडिंग राइट देअर."

"माहीत आहे मला."

"देन व्हाय डिड यू लाय?"

बदरुद्दीनभाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. जिथे त्यांची पिकअप उलटली होती तो वळणाचा भाग मागे गेला. त्यांनी ती हकिकत सांगितली नाही.

"मे महिन्यात शटर ओढायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी कॉलेजला दांडी मार आणि माझ्या शेजारी उभी राहा. हमीद विचारेल, भाई, ओढू का? मी ओढ म्हणेन."

"ओके."

"आणि नाही म्हणालो काही," ते डबीचं झाकण लावत म्हणाले, "तर तू सांग, ऐकलं म्हणून."